कोणतीही कळ दाबा

मे महिना, दुपारचे तीन.
देवाजी सोनकुसरे तांडापेठेतून सायकल ढकलत आले.
कॅरियरवर सीपीयू, कोऱ्या सुताच्या गाठोड्यात,
वरून ओलं फडकं.
"गरम होऊन राहिला होता," म्हणाले.
मी म्हटलं, काका, बंद मशीन गरम होत नाही.
"बाप्पा, इथं बंद माणूस बी गरम होते."

भाच्यानं हौसेनं नवी विंडोज टाकून दिली होती.
चकाचक. रोज सकाळी वेगळ्या देशाचा डोंगर.
फक्त पुठ्ठ्याला भोकं पाडणारं त्यांचं यंत्र
तिला दिसत नव्हतं.
"मी समोर हाय, यंत्र समोर हाय,
अन् हे म्हणते काहीच जोडलं नाही."
जुन्या प्रोग्रामात सहाशे बारा किनारी अडकलेल्या.
करवती, रुईफूल,
आणि काही त्यांच्या स्वतःच्या,
ज्यांना नाव नाही, नुसते नंबर.

म्हणजे एक्सपी. हिरव्या टेकडीवाली.

माझ्याकडे कोऱ्या सीड्या पाच उरलेल्या,
दांडीवर, कासाराकडच्या बांगड्यांसारख्या.
बर्डीवर आता सीडी मागितली
तर पोरं मोबाईलचं कव्हर पुढं करतात.

पहिली मीच वाया घालवली.
घाईत अख्खी इमेज फाईल उचलून तशीच ठेवली चकतीवर,
लग्नाचे फोटो ठेवतात तशी.
मशीननं चकती फिरवली, हुंगली, सोडून दिली.
देवाजी म्हणाले, "घडीतलं लुगडं झालं हे.
आहे, पण नेसलेलं नाही."
वीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांना समजावते आहे,
मला असं कधी सांगता आलं नाही.

दुसरी नीट लावली. इमेज उलगडून, सगळ्यात सावकाश वेगानं.
एकाहत्तर टक्क्यांवर लाईट गेली.
गल्लीतले सगळे कूलर एकदम गप्प झाले
आणि आम्हाला एकमेकांचा श्वास ऐकू आला.

अंधारात त्यांनी ती चकती खिडकीशी धरली.
"याच्यात बी भोकंच काय?"
भोकं नाहीत. भाजल्याचे डाग.
"दिसत त नाही."
डोळ्यांना नाही दिसत.
"मंग दोरा कोण उचलते?"
मी म्हटलं, उजेड.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिसरी लिहून झाली तेव्हा साडेपाच वाजले होते.
आधी सीडी, मग हार्ड डिस्क, असा क्रम लावला.
साटाचा मोड आयडीई केला,
नाहीतर जुन्या माणसाला नवा कप्पा सापडत नाही.
काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ आली.
"काय म्हणते?"
कोणतीही कळ दाबा म्हणते.
"कोणती?" त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.
"हे मागाच्या खड्ड्यातली हाय, चाळीस वर्षांची.
पाठीतली वेगळी. कोणती दाबू सांग."
मला हसू आवरेना,
आणि त्या हसण्यात पाच सेकंद निघून गेले.
पडदा उजळला.
पुन्हा कुठल्यातरी देशाचा डोंगर.

परत बंद. परत चालू.
या वेळी त्यांनी स्वतः दाबली,
एका बोटानं, हलकेच,
तुटलेला धागा सांधताना लावतात तसं बोट.
निळा पडदा आला, टक्के चढू लागले.
कॅबिनेटच्या पिवळ्या पट्टीवरचा नंबर अर्धा घामानं पुसलेला,
आठ की बी, कळेना.
आठ निघाला, चौथ्या खेपेला.

यंत्र घरी होतं, त्याची परीक्षा इथं होणार नव्हती.
पण दोनशे सात नंबरची किनार उघडली.
चौकोनामागे चौकोन, काळा, पांढरा, काळा.
देवाजी पडद्याच्या इतके जवळ गेले
की काचेवर वाफ धरली.
"इथं एक चौकोन चुकला हाय," म्हणाले.
"तेव्हाच चुकला होता. राहू दे."

मी चकतीवर मार्करनं लिहिलं: किनार.
त्यांनी पैसे मोजले, गाठोडं बांधलं,
आणि टेबलावरच्या त्या दोन फुकट गेलेल्या सीड्यांकडे बोट केलं.
"त्या बी दे. गच्चीवर खळीचं सूत वाळते,
कबुतरं बसतात."
बिघडलेल्या आहेत काका.
"मंग? कबुतराले कुठं वाचता येते?"